सात वाजून दहा मिनिटांचा बिघाड

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेट्यांचं घर गोठलं. पंख्याची पाती मोजता येऊ लागली, शेगडी विझली, नळाची धार तुटली आणि स्वयंपाकघराचं सरकतं दार अर्ध्यावर अडकलं. त्या अर्ध्या दारात अन्वय शेटे, वय एकोणतीस, एक खांदा आत आणि एक बाहेर अशा स्थितीत सापडला.

"बाबा, आलं परत," तो म्हणाला.

"हलू नकोस. हललं की जास्त वेळ लागतो," दिवाणखान्यातून केदारराव म्हणाले. या म्हणण्याला कसलाही आधार नव्हता. पण घर गेले नऊ दिवस याच वेळेला गोठत होतं, आणि नऊ दिवसांत माणूस स्वतःचं शास्त्र तयार करतो.

अकरा मिनिटांनी पंखा फिरला, दार सरकलं आणि अन्वय पूर्णपणे एका खोलीत आला.

सांगलीत, विश्रामबागेतल्या 'कृष्णतीर' संकुलात, अकराव्या मजल्यावर हे घर होतं. त्या काळी घरात कॉम्प्युटर ठेवायची पद्धत संपली होती. घर हाच कॉम्प्युटर असे. दारांना मुठी नसत, दिव्यांना बटणं नसत, कडी आणि कोयंडा हे शब्द शाळेत समजावून सांगावे लागत. सगळं एका प्रणालीवर चाले आणि तिचं नाव होतं 'तथास्तु'. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात वावगं बोलू नये, असं पूर्वीचे लोक समजत. आता वास्तू खरोखरच तसं म्हणू लागली होती.

ती चालायची कशी, ते सांगायला हवं. माणसाला तहान लागली की 'पाणी' हा शब्द ओठांवर येण्याआधी दीड-दोन सेकंद त्याचं शरीर बोलून जातं. नाडी किंचित बदलते, नजर माठाकडे वळते, मान तयारीत येते. शरीराच्या या आगाऊ कबुलीला 'पूर्वेच्छा' म्हणत आणि भिंतीतले बारीक डोळे ती टिपून घेत. सुरुवातीची घरं नुसत्या पूर्वेच्छेवर चालत. ती सगळी परत घ्यावी लागली, कारण पाहुणे जरा जास्त बसले की ती घरं त्यांच्या तोंडावर दिवे मालवू लागली. मग नियम झाला. शरीर काय मागतं आणि तोंड काय म्हणतं, दोन्ही जुळलं तरच घराने काम करायचं. जुळलं नाही तर थांबायचं आणि परत विचारायचं.

केदाररावांनी बिघाड आधी स्वतःच हाताळला. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले होते आणि तरुणपणी एमएस-सीआयटी पास झाले होते; ते प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. त्यांनी पहिल्यांदा घर बंद करून परत चालू केलं. मग 'झाडू' नावाची सफाईची उपयुक्तिका आणली. उपयुक्तिका म्हणजे घराची किरकोळ दुखणी बरी करणारा छोटा प्रोग्रॅम. झाडूने चौदा हजार निरुपयोगी नोंदी काढून टाकल्या, त्यात गिझरही गेला. मग विषाणू मारायला 'गरुड' आणला आणि गरुड कमी पडला तर असावा म्हणून 'नकुल'ही आणला. एका घरात दोन रखवालदार ठेवू नयेत हा या क्षेत्रातला पहिला धडा. गरुडाने नकुलाला विषाणू ठरवलं, नकुलाने गरुडाला, आणि दोघांनी मिळून फ्रिजला. शेवटी त्यांनी एक फुकटचा वेगवर्धक घेतला. त्याने वेग वाढला नाही, पण न्हाणीघरातल्या आरशात एक ज्योतिषी आला आणि दाढी करताना तो रोजचं राशिभविष्य सांगू लागला. तो काढता येत नव्हता.

"तुला काही येत नाही, केदार, तर हात लावू नकोस," तेजश्रीबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या पत्नी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.

"तुला काय हवंय मग? माणूस बोलवू?"

"मला काही नको. तुमचं होऊ दे व्यवस्थित."

माणूस बोलवावाच लागला. संकुलाची लिफ्ट आणि पाण्याचे पंप सगळ्या घरांचा होकार घेऊन चालत. शेट्यांचं घर गोठलं की लिफ्टही जिथे असेल तिथे थांबे. आठव्या आणि नवव्या मजल्यांच्या मध्ये सलग तीन संध्याकाळी अडकल्यावर सोसायटीचे चिटणीस भोकरे यांनी नोटीस काढली. पंधरा दिवसांत दोष दूर करा, नाहीतर तुमचं घर संकुलातून सुटं करण्यात येईल. सुटं म्हणजे लिफ्ट तुमच्यासाठी थांबणार नाही, पाणी वर चढणार नाही आणि जिन्याचं दार उघडणार नाही. अकराव्या मजल्यावर याचा अर्थ काय होतो ते नोटिशीत लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

डॉ. पल्लवी कुंभोजकर या गृहदोषतज्ज्ञ होत्या. वय पस्तीसच्या आसपास, हातात एक चपटी पेटी. आल्या आल्या त्यांनी आरशातला ज्योतिषी पाहिला आणि वहीत नोंद केली.

"मॅडम, मी सगळं करून बघितलंय," केदारराव म्हणाले.

"ते दिसतंय, काका." त्यांनी पेटी उघडली. "तुमच्या वेळी कॉम्प्युटर अडकायला लागला की काय करायचात?"

"शेजारच्याला बोलवायचो."

"आणि शेजारचा?"

"तो सगळे प्रोग्रॅम बंद करून एकेक चालू करायचा. कुठला चालू केल्यावर अडकतोय ते बघायचा."

"हेच करायचं. फक्त उलट. आम्ही त्याला वजाबाकी म्हणतो. घरातला एकेक घटक वजा करत जायचा. जो वजा केल्यावर घर नीट चालेल, तो दोषी. तोवर मुख्य दार बंद राहील. मध्येच कोणी गेलं-आलं तर गणित परत पहिल्यापासून."

"म्हणजे आम्ही कोंडलेले," अन्वय म्हणाला.

"तसं नाही. तुम्ही स्थिरांक आहात."

रोज एकाच वेळेला होणारा बिघाड, त्यामुळे दिवसाला एकच फैसला होई. पहिल्या दिवशी यंत्रं वजा झाली. ज्योतिषी गेला याचं सगळ्यांना समाधान वाटलं, पण सात दहाला घर गोठलंच. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता घटक एक, दोन आणि तीन उरले.

"ते कुठले?" केदाररावांनी विचारलं.

"तुम्ही तिघं."

वजा केलेल्या माणसाला घर पाहत नाही आणि ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी केदारराव वजा झाले. स्वतःच्याच न्हाणीघरासमोर ते वीस मिनिटं उभे राहिले. मग अन्वय आला, त्याला पाहून दार उघडलं आणि ते त्याच्या पाठोपाठ आत शिरले. संध्याकाळी घर गोठलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि आपल्यामुळे काहीच अडत नाही याचं थोडं वाईटही वाटलं. तिसऱ्या दिवशी अन्वय. घर गोठलं. चौथ्या दिवशी तेजश्रीबाई.

सात दहा झाले. पंखा फिरत राहिला. शेगडी जळत राहिली. सात वाजून बारा, पंधरा, वीस. खाली लिफ्ट कुरकुर न करता ये-जा करत होती.

"सापडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अन्वय म्हणाला, "आई कुठाय?"

त्या स्वयंपाकघरात होत्या. दाराला त्या दिसत नव्हत्या आणि दार जाड असल्यामुळे यांना त्या ऐकू येत नव्हत्या. अन्वय दारापुढे उभा राहिला तसं ते सरकलं. तेजश्रीबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

केदारराव घसा खाकरून म्हणाले, "नोंदीत काहीतरी गडबड आहे म्हणे. किरकोळ."

डॉक्टरबाईंनी मात्र सरळ सांगितलं. तेवढा एक दोष त्यांच्यात होता. "काकू, नवी आवृत्ती आल्यापासून रोज सात दहाला घर सगळ्यांना विचारतं, काय हवं. काका सांगतात, पिठलं. हा सांगतो, काहीतरी चमचमीत. तुम्ही म्हणता, मला काही नको. बरोबर?"

"मग काय म्हणू? यांचं एक, त्याचं एक. त्यात माझं तिसरं कशाला?"

"पण तुमचं शरीर त्याच वेळी काहीतरी मागत असतं. जोरात. घर परत विचारतं, तुम्ही परत नको म्हणता. बहुतेक माणसांचं दोन सेकंदांत जुळतं. हवं असलं तर ती घेतात, नसलं तर शरीर गप्प होतं. तुमचं अकरा मिनिटं जुळत नाही."

"मागतं काय पण?"

"ते घराला कळतं, मला नाही. पूर्वेच्छा उघडून वाचता येत नाही. घर ती फक्त पुरी करू शकतं."

केदाररावांनी पुढचे दोन दिवस ती स्वतः ओळखायचा प्रयत्न केला. दार आता उघडं होतं, वजाबाकी उठवली होती. त्यांनी जयसिंगपूरहून भडंग आणवलं. इरकली साडी आणली. सहाला स्वतः चहा केला आणि कपबशीसकट नेऊन दिला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच दिल्यामुळे तेजश्रीबाईंना तो कुणा पाहुण्याचा वाटला. सात दहाला घर दोन्ही दिवस गोठलं.

"अगं, तोंडाने सांग की," अडकलेल्या पंख्याखाली घाम पुसत ते म्हणाले. "सांगितल्याशिवाय कसं कळणार माणसाला?"

"खरंच काही नको रे."

"खोटं बोलतेस. घर सांगतंय."

"आता घराचं ऐकणार का माझं?"

नोटिशीचे चार दिवस उरले तेव्हा डॉक्टरबाईंनी तोडगा सांगितला. एका माणसापुरता उच्चार बंद करता येतो. म्हणजे तेजश्रीबाई काय बोलतात तिकडे घर लक्ष देणार नाही, त्यांची पूर्वेच्छा थेट अमलात आणेल. कायद्यात त्यासाठी वैद्यकीय सवलत होती. मुक्या लोकांसाठी केलेली.

केदारराव उदार झाले. "करा. तिला जे हवं ते घर देईल. आमचं काय जातंय? पुरणपोळी निघणार, मी सांगतो. आम्हाला दोघांना आवडत नाही ना, म्हणून ती करत नाही."

"मी श्रीखंडावर लावतो," अन्वय म्हणाला.

"काकू, तुमची संमती?"

तेजश्रीबाईंनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "होऊ दे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे शिव्याशाप तरी थांबतील."

त्या संध्याकाळी चौघं दिवाणखान्यात बसली. सात दहा झाले. पंखा थांबला नाही. केदाररावांनी विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडी पेटली नाही, डबे सरकले नाहीत.

मुख्य दार उघडलं.

मग चपलांचा कप्पा बाहेर आला, त्यात फक्त तेजश्रीबाईंचा जोड होता. बाहेर लिफ्ट वर येऊन थांबली आणि तिचंही दार उघडलं. समोरच्या घरातल्या वैद्यबाई कचऱ्याची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "निघालात वाटतं कुठे?"

"नाही हो," तेजश्रीबाई म्हणाल्या. "लाव रे दार. मला काही नको." पण घर आता त्यांचं बोलणं ऐकत नव्हतं. दार उघडंच राहिलं.

"मॅडम, बंद करा ते," केदारराव हळूच म्हणाले.

"इच्छा संपली की आपोआप होईल."

ती संपायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ चौघं उघड्या दाराकडे न बघता बसली. फार अवघड काम होतं ते.

डॉक्टरबाई गेल्यावर केदाररावांनी विचारलं, "कुठं जायचं असतं तुला रोज?"

"कुठं नाही."

"मी काही केलंय का?"

"नाही. तू काही केलेलं नाहीस," तेजश्रीबाई म्हणाल्या. बराच वेळ केदाररावांना हे आपलं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी दार परत उघडलं. वैद्यबाई आज पिशवी नसतानाही बाहेर होत्या. तेजश्रीबाई उठल्या, त्यांनी चपला घातल्या आणि त्या चालत लिफ्टमध्ये गेल्या. केदारराव अर्धवट उठून तसेच राहिले. अडवावं तर शोभत नाही आणि जाऊ द्यावं तर कुणाला काय सांगणार.

लिफ्टने विचारलं, "कोणता मजला?"

तेजश्रीबाई उभ्या राहिल्या. लिफ्ट संकुलाची होती, तिथे बोलावं लागे. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घरातून बाहेर पडायचं, इथवर सगळं त्यांच्या शरीराला पाठ होतं. पुढचं कुणी कधी विचारलंच नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा. जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठे जातात हे त्यांनी तीस वर्षं मुलांना सांगितलं होतं.

"कोणता मजला?" लिफ्टने परत विचारलं. खालून कुणीतरी लिफ्टच्या नावाने ओरडायला लागलं. सातव्या मजल्यावरून भोकऱ्यांचा आवाज ओळखू आला.

अकरा मिनिटांनी त्या परत आल्या, चपला काढल्या आणि सरळ डॉक्टरबाईंना फोन लावायला सांगितला.

"मॅडम, ते वजाबाकीचं परत करता येईल? कायमचं?"

"काकू, तुम्हाला समजतंय ना? घर तुम्हाला ओळखणार नाही. दिवा लागणार नाही, नळ येणार नाही. कुठलंही दार उघडणार नाही तुमच्यासाठी."

"उघडं होतं तेव्हा तरी कुठं गेले?"

"असं करू नका. थोडा वेळ घ्या. कुठं जायचंय ते हळूहळू सुचेल. रोज थोडं थोडं..."

"रोज अख्ख्या बिल्डिंगसमोर माझं मन उघडं टाकून?" तेजश्रीबाईंचा आवाज चढला नाही. "सासरी आले तेव्हापासून एक तेवढंच माझ्याकडे होतं, कुणाला न दिसणारं. ते तुम्ही दाराला लावलंत. मला नाही चालत. वजा असलं की कोणी बघत नाही, एवढं बरं आहे."

"मुख्य धारकाची सही लागेल. काकांची."

केदारराव तिथेच होते. त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या. रोज सात दहाला बायकोसाठी उघडणारं दार, किंवा कधीच न उघडणारं. तिसरी गोष्ट म्हणजे तिच्याबरोबर चपला घालून लिफ्टमध्ये जाणं. ती त्यांना सुचली नाही. अर्जात तसा रकानाही नव्हता. त्यांनी सही केली. नोटिशीला अजून तीन दिवस बाकी होते.

घर उत्तम चालू लागलं. भोकऱ्यांनी आभाराचं पत्र पाठवलं. तेजश्रीबाईंना जायचं असेल तिकडे केदारराव किंवा अन्वय त्यांच्यापुढे चालत, दार उघडे, त्या मागून जात. सुरुवातीला दोघंही फार तत्पर होते. नंतर त्या हाक मारेपर्यंत थांबू लागले. नंतर हाक ऐकू येण्याइतके जवळ असले तर जात. तेजश्रीबाई कुरकुर करत नसत. त्या स्वयंपाकघरात जास्त वेळ बसू लागल्या. तिथे पाण्याचा एक हंडा भरून ठेवलेला असे.

दोन महिन्यांनी मिरजेला केदाररावांच्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. सकाळी बापलेक घाईत निघाले. तेजश्रीबाईंना जायचं नव्हतं, निदान त्या तसं म्हणाल्या होत्या. उंबऱ्याबाहेर पाय ठेवताच घराने नेहमीप्रमाणे विचारलं, "घरात कोणी नाही. सगळं बंद करू?"

"हो," केदारराव म्हणाले.

घर 'तथास्तु' म्हणालं. दिवे, पंखे, नळ, खिडक्यांचे पडदे, आतली सगळी दारं बंद झाली. बारशाला मुलाचं नाव 'क्षितिज' ठेवलं. जेवण चांगलं होतं. दुपारी कुणीतरी विचारलं, तेजश्री नाही आली का, आणि केदारराव म्हणाले, तिला काही नको असतं हो.

ते पावणेसातला परतले. अन्वय कपडे बदलायला गेला. केदारराव स्वयंपाकघरासमोर गेले, दार सरकलं, दिवा लागला. तेजश्रीबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ दाराकडे. केस घामाने मानेला चिकटले होते. हंडा रिकामा होता.

केदारराव आत आले. मग म्हणाले, "अगं, हाक तरी मारायचीस."

"कुणाला?" तेजश्रीबाईंनी विचारलं. रागाने नाही. नाव कळलं असतं तर त्यांनी मारलीही असती.

केदारराव त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते तरी बसले. सात वाजून दहा मिनिटं झाली, आणि घराने घरातल्या दोन माणसांना विचारलं, काय हवं.

आतून अन्वयने काहीतरी सांगितलं.

"मला काही नको," केदारराव म्हणाले.

घराने त्यांची नाडी पाहिली, नजर पाहिली आणि परत विचारलं.

"म्हटलं ना, काही नको."

पंखा थांबला. दिवा गेला. त्यांच्या मागे दार अर्धवट सरकून अडकलं. अंधारात दोघं जण वाट बघत बसली. अकरा मिनिटं झाली. बारा झाली.